रत्नाबाईंचा रांजण

नेरे गावात रत्नाबाईंची खोली भाड्यानं घ्यायची तर आधी त्यांच्या परीक्षेत पास व्हावं लागतं. पगार किती, हे त्या विचारत नाहीत. "संडास कोण धुनार?" हा पहिला प्रश्न. हिंजवडीत कामाला जाणारी शिकलेली पोरंसुद्धा त्यांच्यापुढं चळाचळा कापतात. कुणाची कचऱ्याची बादली उघडी दिसली, की बाई ती उचलून थेट त्याच्या गादीशेजारी नेऊन ठेवतात. असला खाक्या! पण कुणी आजारी पडलं, की पेजेचं पातेलं घेऊन याच बाई उशाशी हजर.

अशा घरात यंदा डेंगी शिरला. भाडेकरू निखतची मुलगी तापानं फणफणली, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. रत्नाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. आरोग्य केंद्राची आशाताई उत्कर्षा घर तपासायला आली, तेव्हा बाईंनीच तिला मोरीपासून गटारापर्यंत फिरवलं. बोट ठेवायला जागा नव्हती. मग उत्कर्षानं फाटकाजवळच्या रांजणात बॅटरी मारली. आत अळ्या वळवळत होत्या.

"काकू, हा डास चांगल्या पाण्यातच वाढतो. रांजण पुरता रिकामा करून घासायला लागंल. न्हाईतर ग्रामपंचायतीची नोटीस येईल. कायदाच हाय तसा."

बाईंचा चेहरा उतरला. रांजण त्यांच्या नवऱ्यानं, भिवाजींनी, वाटसरूंसाठी मांडलेला. ते गेले त्या सकाळीही त्यांनीच तो भरला होता. तेव्हापासून बाई रोज वरून पाणी घालत, पण तळ कधी दिसू देत नसत. भरला रांजण रिता करू नये, असं जगाला सांगत. खरं कारण आज तोंडून निघालं.

"त्यांच्या हातचं पानी हाय गं आत. थोडं का व्हईना, मिसाळल्यालं हाय."

उत्कर्षानं बॅटरी विझवली. या माउलीवर कायदा कसा चालवायचा? तेवढ्यात निखतच्या दाराला लागलेलं कुलूप बाईंच्या नजरेस पडलं. त्यांनी पदर खोचला.

"धर गं त्या अंगानं."

रांजण कलंडला, पाणी अंगणभर पसरलं, आणि एवढ्या कडक रत्नाबाई त्या चिखलात बसून हमसून हमसून रडल्या. मग उठल्या आणि काथ्यानं रांजण घासून उन्हात पालथा घातला.

निखतची पोर बरी होऊन घरी आली. आता घरोघरची पाण्याची भांडी रिकामी करायचा आठवड्याचा कोरडा दिवस आला, की उत्कर्षाबरोबर रत्नाबाईही निघतात. कायद्याचं कलम त्यांना ठाऊक नाही. कुणी पाणी ओतायला कुरकुरलं, तर त्या कमरेवर हात ठेवून एवढंच विचारतात,

"माज्या धन्याच्या हातचं पानी वतलं म्या. तुजं पिंप काय त्याच्यापरीस मोठं लागून गेलं व्हय रं?"