बार्लीबाबांचा दात

आयुष्यभर बियरच्या कारखान्यात नोकरी करून बियरचा थेंबही जिभेला न लावलेला माणूस मी एकच पाहिला, आणि दिवसभर कच्ची बार्ली चावत बसणारा माणूसही तोच. लोक पानाची चंची बाळगतात तसा त्यांच्या शर्टाच्या खिशात मूठभर दाणा असायचा. बसची वाट बघताना, फोनवर बोलताना, साहेबांचं भाषण ऐकताना एक दाणा दाढेखाली जायचा आणि ‘कट्’ असा बारीक आवाज यायचा. डिचोलीजवळच्या आमच्या कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी ते सगळ्यांचे बार्लीबाब. तोंडावर अर्थात ‘सर’.

मी साखळीची. गोवा घटक राज्य झाला त्याच्या आगेमागे बी.एस्सी. होऊन मी त्यांच्या प्रयोगशाळेत लागले. पहिल्या दिवशी काचेची उपकरणं दाखवतील या आशेने मी नवी साडी नेसून गेले होते. त्यांनी माझ्या तळहातावर एक दाणा ठेवला आणि म्हणाले, “चाब.” मी चावला. “कितें आयकलें?” मला काहीही ऐकू आलं नव्हतं, फक्त कोंडा दातात अडकला होता. मग त्यांनी समजावून सांगितलं. बियरला लागतो तो पिठूळ दाणा, तो दाढेखाली मऊ फुटतो. काचेसारखा घट्ट दाणा टणकन वाजतो. त्यात प्रथिनं जास्त, त्याला मोड आणून भाजला तरी माल्ट चांगलं उतरत नाही आणि बियर गढूळ होते. हे सगळं सांगणारी यंत्रं आमच्याकडे होती. पण बार्लीबाब आधी चावायचे, मग यंत्र लावायचे, आणि दोघांचं उत्तर जुळलं की यंत्राकडे शाबासकी दिल्यासारखं बघायचे.

या सवयीने ते कुठेही चारचौघांत नेण्यासारखे राहिले नव्हते. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे अक्षता टाकत होते आणि बार्लीबाब त्या चावून बघत होते. तांदूळ जुना आहे, पण किंचित ओल लागलेली आहे, असं त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं. तो माणूस माझा चुलत सासरा होता आणि तांदूळ त्याच्या घरचा होता. नवरात्रात देवळात घटापाशी रुजवण घातलेलं असे, तिथे बायका हात जोडायच्या आणि हे कमरेत वाकून किती दाण्यांना कोंब फुटले नाहीत ते बघायचे. एकदा त्यांनी भटजींना पाणी जास्त झालंय म्हणून सुनावलं. भटजी त्यानंतर त्यांना तीर्थ देताना हात आखडता घेत.

कारखान्यात त्यांची थट्टा व्हायची ती न पिण्यावरून. पेडण्याचा माणूस आणि मे महिन्यात हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारूसुद्धा घेत नाही, म्हणजे काजूच्या झाडांचा अपमान, असं पॅकिंगमधली पोरं म्हणायची. बार्लीबाब शांतपणे उत्तर द्यायचे की दाणा कळायचा असेल तर जीभ धुतलेल्या पाटीसारखी कोरी पाहिजे. मग खिशातला दाणा दाढेखाली जायचा आणि विषय संपायचा.

बार्ली यायची उत्तरेतून, ट्रकांनी, कितीतरी दिवसांचा प्रवास करून. ती नापास झाली की ट्रकवाल्याचं तोंड बघवत नसे. दुसरा एखादा अधिकारी असता तर शिक्का मारून आत गेला असता. बार्लीबाब त्याला फाटकाबाहेरच्या हॉटेलात घेऊन जायचे, पाव-भाजी खायला घालायचे आणि स्वतः बनवलेल्या हिंदीत त्याची समजूत काढायचे. कोणाची बार्ली गुरांच्या पेंडीला चांगली, कोणाची सत्तूला, कोणाची नुसती दळून पिठात मिसळायला, आणि त्यासाठी कुठे जायचं, हे ते तासभर सांगत बसायचे. आमच्याकडे वळून मात्र एकच वाक्य म्हणायचे, “दाणो वायट न्हय. ताचें काम वेगळें.” हे वाक्य आम्ही इतकं ऐकलं होतं की कॅन्टीनमध्ये उसळ खारट झाली तरी कोणीतरी तेच म्हणायचं.

भाषेच्या वादाचे ते दिवस होते. आमच्या प्रयोगशाळेतही गजानन मराठीवाला आणि दुसरा एक सहकारी कोंकणीवाला, आणि दोघांनी आपसात बोलणं टाकलं होतं. बार्लीबाब कोंकणीत बोलायचे, पेपर मराठी वाचायचे आणि अहवाल इंग्रजीत लिहायचे. त्यांनी या दोघांना एकाच ओल्या टिपकागदावरचे मोड मोजायला बसवलं. आकडा जुळवायचा तर बोलणं भाग होतं. दुपारपर्यंत दोघे भांडायला लागले, आणि भांडण आकड्यावरून होतं हे पाहून सरांना फार समाधान वाटलं.

पण बार्लीबाबांचा खरा जीव अडकला होता तो तेरेखोल नदीकाठच्या एका खाजनात. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली भातजमीन. त्यांच्या गावातला बांध एका पावसात फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि जमीन पांढरी पडली. भात येईना, लोकांनी नांगर टाकले. बार्लीबाबांच्या डोक्यात आलं की बार्लीला खार सोसतो. मग गोव्यात भात निघाल्यावर, हिवाळ्यात, या जमिनीत बार्ली का होऊ नये? अडचण एवढीच होती की गोव्याला हिवाळाच नाही. दाणा भरायच्या वेळेला आपल्याकडे उकडायला लागतं. म्हणून लवकर पिकणारी जात पाहिजे, आणि ती कोणी तयार करून देत नव्हतं, तर त्यांनी ती स्वतःच करायला घेतली.

वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी ते चिमटा घेऊन शेतात बसायचे. एका कणसातले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्याचे पराग त्यावर झाडायचे आणि कणसाला कागदाची पिशवी बांधायची. पिशव्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून आणलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटायचं शेतात पाव पिकलेत. चिमटा त्यांच्या बायकोचा होता, आणि तो परत मिळाला नाही याचा तिला विसर पडला नव्हता. आम्ही तिला वयनी म्हणायचो. बार्लीला ती जव म्हणायची. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा तिने आपल्या मुलींवरून माझ्याकडे तक्रार केली, “घरांत दोन चेडवां लग्नाचीं आसात, आनी हे जवाचीं लग्नां लायत बसल्यात.”

शेवटी एक जात त्यांच्या मनासारखी झाली. बुटकी, घट्ट उभी राहणारी, लवकर पिकणारी. त्यांच्या लहानपणच्या सोबत्याने, पुंडलिकने, स्वतःची पडीक खाजन जमीन तिच्यासाठी दिली, आणि त्याच्याकडे बघून शेजारच्या दोघांनीही दिली. आमच्या साहेबांनी शब्द दिला की प्रयोगशाळेने पास केली तर कारखाना सगळं पीक घेईल, आणि पुढेही घेत राहील. साहेबांनी हे कौतुकाने म्हटलं होतं. प्रयोगशाळा म्हणजे बार्लीबाबच, मग अडचण ती काय, असा त्यात भाव होता. मला मात्र तेव्हाच धाकधूक वाटली, कारण तीच अडचण होती.

नमुना कोणाचा ते तपासणाऱ्याला कळता कामा नये, हा त्यांचाच नियम. म्हणून त्यांनी आपलं पोतं नाव न घालता इतर पोत्यांत मिसळून ठेवलं. उत्तरेच्या पोत्यांची तोंडं सुतळीने शिवलेली होती आणि यांचं पोतं सुंभाने बांधलेलं होतं. नारळाच्या काथ्याचं सुंभ राजस्थानात कोण वापरणार? सगळ्या खोलीला कळलं होतं, आणि सगळी खोली कळलं नाही असं दाखवत होती. तोंडावर मारे गंभीर भाव आणून बार्लीबाब खिडकीबाहेर बघत उभे होते.

आधी मोड बघितले. टिपकागदावर एकूण एक दाणा रुजला होता. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग चाळणीची पाळी आली. जाड दाणा चाळणीवर राहायला हवा, बारीक खाली पडतो. गजाननने चाळण अशी हलवायला घेतली की आत तान्हं मूल झोपलंय. बार्लीबाब मागे न वळता म्हणाले, “गजानन, ट्रकाच्या दाण्याची चाळण कशी हालयता, तशीच हालय.” गजाननने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्याने चाळण हलवली आणि निम्म्याहून जास्त दाणा खाली सांडला. मी उरलेल्यातले काही दाणे उभे कापले. आत पीठ नव्हतं, काच होती.

बार्लीबाब टेबलापाशी आले. एक दाणा उचलून त्यांनी दाढेखाली धरला. तो आवाज त्या दिवशी मलाही नीट ऐकू आला. त्यांनी स्वतःच्या हाताने अहवालावर ‘नापास’ लिहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. जाताना त्यांनी ते आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. त्या दिवशी त्यांना ते म्हणणारं कोणीतरी हवं होतं आणि आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नाही.

पुढचं वयनीने सांगितलं. बार्लीबाब घरी न जाता पुंडलिकच्या अंगणात जाऊन बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. पुंडलिक म्हशीला चारा घालत होता. त्याने विचारलं, “म्हस खातली मरे?” बार्लीबाब म्हणाले, “खातली.” “मगीर तोंड असलें कित्याक?” असं त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघत म्हणून पुंडलिकने चहा सांगितला. त्या वर्षी तिन्ही घरच्या म्हशींनी प्रयोगशाळेतून मोड तपासलेली बार्ली खाल्ली. उरलेल्या दाण्याची वयनीने पेज केली, आणि ती गावाला आवडली. पुढे खाजनात जव पेरला जायचा तो पेजेसाठी आणि गुरांसाठी, दरवर्षी थोडा थोडा.

बार्लीबाब निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी ते हातावर वजन केल्यासारखं तोललं, चावलं नाही हेच नशीब. नंतर तब्येत खालावली आणि दातांनी एकेक करून रजा घेतली. कवळी त्यांना मान्य नव्हती. तिच्यात आवाज उमटत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर होते आणि पोटात फक्त जवाची पेज ठरत होती. उशाखालून त्यांनी नव्या पिकाचा एक दाणा काढला आणि माझ्या हातावर ठेवला, अगदी पहिल्या दिवसासारखा. “चाबून सांग गो बाय.”

मी चावला. या माणसाशी खोटं बोलायचं असेल तर ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, “सर, काच. माल्टाक जावचो ना.” त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मला वाटलं, उगाच बोलले. मग ते बोळक्या तोंडाने प्रसन्न हसले. “बरें. एक दांत उरलो म्हणपाचो.”

बाराव्याला भटजींनी जव मागितले. वयनीने आतून डबा आणला. पुंडलिक बाजूला उभा होता, मुली होत्या, गाव होता. भटजींनी दाणे ताटलीत काढून घेतले, एक बाहेर सांडला, आणि काय करतेय ते कळायच्या आत मी तो उचलून दाढेखाली धरला. ‘कट्’ झालं. मंत्र थांबले. भटजींनी माझ्याकडे असं बघितलं की बार्लीबाबांकडे बघायचे तेव्हाची आठवण व्हावी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर एक अश्रू न काढलेली वयनी पदर सावरत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “कितें आयकलें गो?”

“घट्ट आसा वयनी,” मी म्हटलं. “आदीं आसलो तसोच.”

तेव्हा कुठे ती रडली.