सोनटक्केकाकांचा तिसरा पुरावा

"सोनटक्क्यांची इंदूरला बदली झाली बरं का," असं काकांनी मला लिफ्टमध्ये पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी रीत म्हणून हळहळले. फरीदाबादला आमचं बस्तान नुकतंच बसत होतं आणि सोसायटीत मराठी बोलणारं माणूस भेटलं याचाच मला आनंद होता. पुढच्या आठवड्यात सोनटक्क्यांच्या मातोश्री वारल्या. भेटायला जायला हवं का, असं मी काकूंना विचारलं. काकूंना हसू आवरेना. "अगं, शंभराच्या वर वर्षं झाली त्यांना जाऊन. चलो, आत ये, चहा टाकते."

काकांचं खरं आडनाव बर्वे. दिल्लीत एका मंत्रालयात फायली हलवण्यात उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर ते जुनी वर्तमानपत्रं वाचायला लागले. ज्या क्रमाने कागद हाती येत त्याच क्रमाने ते बातम्या सांगत, त्यामुळे सोनटक्क्यांकडे माणसं आधी वारत आणि मग त्यांच्या मुंजी होत. वॉचमनसुद्धा त्यांना 'सोनटक्के साहब' म्हणायचा. काकांनी त्याची चूक कधी सुधारली नाही. मला वाटतं, त्यांना ते आवडायचं.

या सोनटक्क्यांचं आणि काकांचं नातं काडीचंही नव्हतं. सुरुवात त्यांनी स्वतःच्या घराण्यापासून केली होती, पण वर्षभरात कंटाळले. "बर्व्यांमध्ये कधी कोणी हरवलंच नाही. मग शोधायचं कोणाला?" असं ते म्हणत. त्याच वर्षी त्यांना ती नोटीस दिसली.

दिल्लीतले तारमास्तर गोविंदराव सोनटक्के यांनी एकोणिसावं शतक संपता संपता पुण्याच्या एका वर्तमानपत्रात ती दिली होती. आठ वर्षांची मुलगी चांदणी चौकात गर्दीत चुकली. अंगात हिरवं परकर-पोलकं. हरिद्वाराहून परतणाऱ्या यात्रेकरूंमागोमाग ती देशावर गेली असेल, ही बापाची आशा. आणि खाली एक ओळ : 'नाव विचारल्यास ठकी असे सांगते.' काका ही ओळ वाचून दाखवताना चष्मा पुसत. ठकी घरी परतली का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांची नऊ वर्षं गेली होती.

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड, आणि सगळी कार्डं बुटांच्या एका खोक्यात. त्यांचा नियम पक्का होता. "एक पुरावा म्हणजे अफवा, दोन म्हणजे योगायोग, तिसरा मिळाला की चहा." मी म्हटलं, काका, या हिशेबाने तुम्हाला चहा कधी मिळायचाच नाही. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणून तर काकूंचा वेगळा चालू असतो."

ठकीच्या बाबतीत पुरावे होते, पण उलट बाजूचे. सोनटक्के इंदूरला गेल्यावर काही वर्षांनी तिथल्या मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभाची बातमी आली होती. शिवणकामात पहिली, 'तारमास्तर गोविंदराव यांची एकुलती एक कन्या भागीरथी.' एकुलती एक. म्हणजे नंतर झालेली ही धाकटी तेवढी उरली, आणि ठकी गेली ती गेलीच. मी एकदा बोलून गेले, "मग लिहून टाका ना कार्डावर, सापडली नाही म्हणून." काका माझ्यावर कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. "फाइल आहे का ती, बंद करायला? आठ वर्षांची पोर आहे." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांचे डोळे अधू होत चालले. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढी नजर टिकली तरी पुष्कळ. त्यांनी ते काकूंच्या आधी मला सांगितलं, तेही मेट्रोच्या जिन्यात. "बारीक टाइप आता जमत नाही गं. तू वाचशील का?" तेव्हापासून शनिवारी आम्ही मेट्रोच्या वायलेट लाइनने दिल्लीच्या अभिलेखागारात जायला लागलो. पडद्यावर पुसट पानं सरकायची, मी वाचायची आणि काका डोळे मिटून ऐकायचे. तुपाचे भाव, प्लेगच्या बातम्या, दातांच्या मंजनाच्या जाहिराती. ठकी नाही. दुपारी कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये जेवताना ते वाढणाऱ्याला सांगत, "आज भी नहीं मिली, भाई." तो बिचारा दर वेळी विचारी, "पुलिस में रिपोर्ट लिखवाई, बाबूजी?"

दिवाळीच्या आधी एका सकाळी काकूंनी मला बोलावून घेतलं. बंगळुरूला लेकीकडे फराळाचा डबा पाठवायचा होता आणि कुरिअरचा फॉर्म मोबाइलवर भरायचा होता. त्यांच्या लेकीला मी बेबीताई म्हणूनच ओळखत होते. "नाव काय टाकू, काकू? बेबी चालणार नाही, कुरिअरवाला ओळखपत्र मागतो."

"ते ह्यांना विचार," काकू म्हणाल्या.

"अहो, तुमचीच मुलगी ना?"

"हो, पण नाव माझ्या सासूबाईंचं ठेवलंय. मी कसं घेणार? पाळण्यापासून मी बेबीच म्हणते, मग सगळेच म्हणायला लागले. तिला शाळेत घालेपर्यंत कोणी नाव विचारलं तर तीसुद्धा बेबीच सांगायची."

"रमा," काका आतून म्हणाले. "रमा लिही." आणि मग आत खोकं ओढल्याचा आवाज आला. मी डोकावले तर ते खोकं मांडीवर घेऊन कार्डं चाचपत होते. "मातोश्रींचं काढ. सोनटक्क्यांच्या मातोश्रींचं. काशीला वारल्या त्या. नाव वाच."

मी वाचलं. भागीरथीबाई.

आजी भागीरथी, नात भागीरथी. सुनेला सासूचं नाव घेता येत नाही, म्हणून तिने लेकीला ठकी म्हटलं, आणि पोरगी रस्त्यावर नाव विचारणाऱ्याला तेच सांगणार. धाकटी कोणी नव्हतीच. गोविंदरावांना एकच मुलगी होती, ती हरवली होती आणि घरी परतून शिवणकामात पहिली आली होती. कित्येक वर्षं ही तीन कार्डं एकाच खोक्यात एकमेकींना चिकटून बसली होती, आणि उलगडा करणारी बाई स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. काका रडले. मीही रडले. काकू झारा हातात घेऊन दारात उभ्या. "अच्छा, म्हणजे सापडली ना? मग रडताय काय, यार?"

"पण काका, नोटीस सोडली तर पुरावे दोनच झाले," मी डोळे पुसत त्यांना चिडवलं.

"तिसरा आहे," काका म्हणाले. "चहा टाकायला सांग."

गेल्या मार्चमध्ये दोघं बेबीताईकडे बंगळुरूला गेली, कायमची. निघताना काकांनी खोकं माझ्या हातात दिलं. शनिवार आता मोकळा असतो आणि मला तो मुळीच आवडत नाही. गाडी गेल्यावर मी ठकीची कार्डं काढली. शेवटचं नवीन होतं. अक्षर मोठं, ओळी एकमेकींवर चढलेल्या, नजर अधू झालेल्या माणसाने लिहिलेल्या.

'ठकी घरी परतली. पुरावा तिसरा : सौ. सुमती बर्वे, तोंडी साक्ष, फरीदाबाद.'

काकूंचं नाव सुमती आहे हे मला तेव्हा कळलं. सहा वर्षांत काकांच्या तोंडून मी त्यांच्यासाठी 'अगं' खेरीज काही ऐकलं नव्हतं. मी फोन करून काकूंना कार्ड वाचून दाखवलं.

"परत वाच," काकू म्हणाल्या. "नावापासून."