जांभळाला टांगलेले फोन

स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही, आणि पावसाळ्यात तर मला घास गोड लागत नाही. पनवेलमधल्या एका सरकारी कचेरीत, आपत्ती कक्षात मी कारकून होते. पावसाचे इशारे पाठवणं हे माझं काम. पूर्वी इशारा रेडिओवर सांगायचे आणि आमची जीप भोंगा लावून डोंगराकडच्या वाड्यांवर फिरायची. मग नव्या कायद्याचा मसुदा आला. रेडिओ, भोंगे जुने झाले, आता इशारा थेट प्रत्येकाच्या मोबाइलवर. कायदा व्हायला अवकाश होता, आमचा नुसता अभिप्राय मागवला होता. पण साहेबांनी जीप आधीच बंद करून टाकली. "बाई, तुम्ही अजून भोंग्यातच अडकलात," असं म्हणून हसलेसुद्धा.

त्या जुलैत चार दिवस पाऊस थांबलाच नाही. पाचव्या दिवशी दुपारी दरडीचा इशारा आला आणि मी तो पुढे पाठवला. कक्षातले सगळे फोन एकदम किंचाळले, माझा चहा सांडला. डोंगराखालच्या एका वाडीची यादी मीच केली होती. तिथल्या सगळ्या नंबरांपुढे हिरवी खूण आली, म्हणजे मेसेज पोहोचला.

त्या वाडीतली एक बाई माझ्या ओळखीची. खारघरला बांधकामावर जायची. दाखल्यासाठी खेटे घालताना माझ्या टेबलाशी बसून चहा प्यायची. तिच्या सुनेचे दिवस भरले होते. मी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"हिरवी खूण आहे ना? मग झालं तर," साहेब म्हणाले.

काय झालं डोंबलाचं! मी छत्री उचलली, एका रिक्षावाल्याच्या हातापाया पडले आणि पळस्प्याच्या पुढे वाडीच्या रस्त्याला लागले. वाटेत त्याला सारखी "अहो, चला ना" म्हणत होते, तो बिचारा वैतागला.

चिखलातून चढून गेले तर वाडीच्या तोंडाशी जांभळाचं झाड, आणि त्याच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले दहा-बारा फोन. माझे सगळे नंबर तिथे लोंबकळत होते. झाडाखाली चिटपाखरू नव्हतं. पावसाने काम बंद, माणसं आपापल्या घरात, आणि पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"अगं, फोन कुठंय तुझा?" मी दारातूनच ओरडले.

"झाडाला हाय की. घरात रेंज नाय. मुकादमाचा निरोप आमी सांच्याला जाऊन बघतो," ती शांतपणे म्हणाली.

नंबर घेताना मी हे विचारलंच नव्हतं. फोन म्हटलं की तो माणसाच्या हातात असणार, असं धरून चालले होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण वेळ नव्हता. घरोघर पत्रे बडवत, ओरडत, शिव्या देत मी सगळ्यांना बाहेर काढलं. सुनेला दोघांनी खुर्चीत बसवून खालच्या गावातल्या शाळेत नेलं.

दिवस मावळायच्या आत दरड आली. त्या बाईचं घर आणि शेजारची दोन, मातीखाली गेली. माणूस एकही नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी अहवाल पुढे ठेवला: मोबाइलवरील इशारा वेळेत मिळाल्याने जीवितहानी टळली. हाच आमचा अभिप्राय म्हणून मसुद्याला जोडायचा होता. मी जांभळाचं सांगितलं. ते म्हणाले, "मेसेज गेला होता की नाही?" गेला होता. मी तावातावाने तासभर भांडले आणि शेवटी सही केली. का केली, याचं धड उत्तर मला आजही देता येत नाही. लाज वाटते, एवढं खरं.

शाळेत भेटायला गेले तेव्हा त्या बाईने नुकतीच जन्मलेली नात माझ्या मांडीवर दिली. "आमी आता तिथंच वरच्या अंगाला झोपड्या बांधू. जानार कुठं?" ती म्हणाली. मग माझा हात धरून तिने विचारलं, "पुढच्या टायमालापन तुमी याल ना?"

"येईन की," मी म्हटलं.

मार्चमध्ये माझी बदली झाली. जीप अजून बंदच आहे.