अक्काचा लिंबूभात आणि मुरबाडकडची आमची खोली

तीन नोकरदार बायका एका खोलीत राहिल्या की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आम्ही तिघी आजही भेटलो की पेन्शन, गुडघे, सुना यांच्याबद्दल बोलायला बसतो आणि पाचव्या मिनिटाला भातावर येतो! एकीला एक आठवतो, दुसरी त्यात दुरुस्ती करते, तिसरी म्हणते "हे असं झालंच नव्हतं", आणि चहा गार होतो. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावेत.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मुरबाडहून सिद्धगडाच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका गावात माझं पहिलंच पोस्टिंग. शाळेत मी आणि अक्का, आणि गावच्या दवाखान्यात सिंधू नर्स. बायकामाणसांना भाड्याने मिळेल अशी गावात एकच खोली होती, ती तिघींनी घेतली. अक्का बेळगावकडची. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, लवकर विधवा झालेली, कडक शिस्तीची. चूल अर्थातच तिच्या ताब्यात.

दर रविवारी ती लिंबूभात करायची. भात मोकळा शिजवून परातीत पसरायचा. मोहरी, डाळी, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याची हळद घातलेली फोडणी वर ओतायची. लिंबू पिळायचं ते सगळं चुलीवरून उतरल्यावर. कोथिंबीर सगळ्यात शेवटी. त्या भागात लोक दोन्ही वेळा भात खायचे, पण पिवळा आणि आंबट भात कुणी पाहिला नव्हता. तिथूनच सगळं सुरू झालं.

*

पहिलाच रविवार. खोलीत उकडत होतं, म्हणून अक्काने भात केळीच्या पानावर काढून उंबऱ्याशी वाऱ्याला ठेवला. शेजारी कापलेली लिंबं.

घरमालकीण मावशी शेतावरून आली. पिवळा भात, कापलेलं लिंबू आणि तेही उंबऱ्यात! ती अंगणातूनच ओरडली, "कोनी टाकला गो उतारा माझ्या दारात?"

अर्धी आळी जमा झाली. मी म्हटलं, "मावशी, अहो, जेवण आहे हे आमचं!"

"जेवन? हलद लावून, लिंबू कापून कोन जेवतो गो?"

बोलून पटेना, तेव्हा अक्का पुढे झाली आणि सगळ्यांसमोर तिने एक मोठा घास घेतला. मावशीने दोन्ही हात डोक्याला लावले. "खाल्ला गो खाल्ला! आता भगताला बोलवा!"

भगत खरंच आला. पानाभोवती एक फेरी मारली, वाकून वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकला. सगळी आळी श्वास रोखून उभी.

"बाधा-बिधा काय नाय," भगत म्हणाला. "मीठ जरा कमी हाय."

*

सिंधू कोकणातली. मासे झकास करायची, पण लिंबूभात तिला जमायचा नाही आणि जमत नाही हे कबूल करायची नाही. अक्का एकदा मुरबाडला मीटिंगला गेली होती, तेव्हा सिंधूने ठरवलं, आज आपणच करायचा. पितळी पातेल्याची कल्हई उडालेली होती. त्याच पातेल्यात, चुलीवरच, बाईने चार लिंबं पिळली!

भात कळकला. रंग असा हिरवट, की बघवेना. तेवढ्यात अक्का दारात. झाकण उघडून तिने पातेल्यात बघितलं, मग सिंधूकडे.

"सिंधू, भात हिरवा कशानं झालाय की?"

"कोथिंबीर जरा जास्त पडली, अक्का."

अक्काने पाट्याकडे बोट केलं. तिथे कोथिंबिरीची जुडी जशीच्या तशी, दोरासुद्धा न सोडलेली.

सिंधू म्हणाली, "ती अजून घालायचीय!"

*

पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की एस्टी बंद. बाजार नाही, लिंबं नाहीत. आणि नेमक्या अशाच आठवड्यात शाळा तपासणीचे साहेब घोड्यावर बसून हजर! मी अजून कायम झाले नव्हते. सगळं त्यांच्या शेऱ्यावर होतं. वर्गात पाढे विचारताना मीच सातच्या पाढ्यात अडकले.

अक्का म्हणाली, "घाबरतीस काय? जेवायला आपल्याकडंच आहेत. बघते मी."

तिने परसातला गवती चहा उपटला, अजून फळ न धरलेल्या लिंबोणीची कोवळी पानं खुडली आणि भात शिजतानाच ते दोन्ही आत घातलं. काय वास सुटला म्हणून सांगू! साहेब भुकेलेले. दोन घास गेले आणि तिसऱ्याला त्यांनी तोंडातून हळूच एक लांबलचक पात बाहेर काढली.

"बाई, यात गवत आहे."

मी तिथेच मेले. अक्का शांतपणे म्हणाली, "होय साहेब. ते खायचं नसतंय. बाजूला ठेवायचं असतंय."

साहेबांनी पात बाजूला ठेवली. मग आणखी एक. तिसऱ्यांदा भात मागून घेतला. शेरेबुकात काय लिहितात म्हणून आम्ही दोघी पाठीमागून वाचत होतो. "शिक्षिका होतकरू आहेत. कायम करण्यास हरकत नाही."

खाली सही. आणि सहीच्या खाली, बारीक अक्षरात: "गवताचे एक रोप पाठवावे."

*

पौषात म्हसा गावची जत्रा. आम्ही बैलगाडीने गेलो. बरोबर लिंबूभाताची भलीमोठी शिदोरी, पळसाच्या पानात बांधलेली. गुरांच्या बाजारात घटकाभर टेकलो, शिदोरी मागे ठेवली, आणि सिंधूला बांगड्या दाखवायच्या नादात मागे बघायचं राहिलं.

वळून बघतो तर शेजारच्या शेतकऱ्याचा देखणा पांढरा बैल शेवटचं पान चाटतोय!

अक्का भांडायला उठणार, तोच एक गिऱ्हाईक आलं. बैल फिरवून पाहिला, खुरं पाहिली, पाठीवर थाप मारली. पसंत. मग दात बघायला त्याने बैलाचं तोंड उघडलं, नाक आत घातलं आणि झटकन मागे सरला.

"काय रे, याच्या तोंडाला फोडणीचा वास येतो! घरात पाटावर जेवाया बसवतोस की काय याला?"

मालक गडबडला. आमच्याकडे बघायला लागला. आम्ही तिघी आभाळाकडे!

*

सिंधूची ट्रान्सफर शहापूरला झाली. महिन्याभरात तिचं पोस्टकार्ड आलं. "अक्का, सगळं तुम्ही सांगितलं तसंच करते. लिंबूसुद्धा खाली उतरवून पिळते. तरी एकटीच्या भाताला चव येत नाही. काय चुकतंय?"

अक्काने उलट टपाली दोनच शब्द लिहिले. "दोघांचा कर."

सिंधू आज्ञाधारक. तिने दवाखान्यातल्या कंपाउंडरला जेवायला बोलावलं. वैशाखात लग्नपत्रिका आली.

अक्काने पत्रिका दोनदा वाचली. म्हणाली, "मी तांदळाचं प्रमाण सांगितलं होतं की गं!"

*

आता शेवटचा. सुरुवात सिंधूच्या बदलीआधीची.

गावापासून तासाभराच्या चालीवर, डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची एक वाडी होती. दिवाळी झाली की तिथली माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. त्या वर्षी सोमी नावाची एक तरुण बाई आपल्या सासूबरोबर मागे राहिली. तिला उभंच राहवत नव्हतं. पाचवा महिना, आणि पोटात पाण्याचा घोटही ठरेना. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली.

सिंधू तिला बघून आली ती भिंतीला टेकून बसली. "काही खाल्लं नाही तर हेही जाणार. आणि कदाचित तीही."

अक्काने दुसऱ्या दिवशी पहाटे उठून लिंबूभात केला, डब्यात भरला आणि शाळेआधी वाडीवर गेली. मीही बरोबर होते. सोमीने तोंड फिरवलं. अक्का तिच्या शेजारी जमिनीवर बसली, लिंबू नुसतंच कापून तिच्या नाकाशी धरलं. "वास घे. खाऊ नकोस."

बऱ्याच वेळाने सोमीने दोन घास घेतले. आम्ही वाट बघत बसलो. घास पोटात राहिले. मग तिसरा. सासू रडायला लागली.

त्यानंतर अक्का रोज जायची. गावात कुजबुज झाली, मास्तरीण वाडीवर जाते, तिथंच बसते, तिथलं पाणी पिते. अक्काने डबा आणखी मोठा केला, आणि सोमीबरोबर तिथेच जेवायला लागली.

सोमीला मुलगी झाली. सिंधू म्हणाली, "एवढीशी आहे, पण रडते केवढ्यांदा!" पुढच्या हंगामात ते सगळे भट्टीवर गेले, आणि मग काही वर्षं त्यांचा पत्ता नव्हता.

सहा वर्षांनी, जूनमध्ये शाळेत नावं घालायचा दिवस. अक्का टेबलाशी, समोर रजिस्टर. सोमी आत आली. अंगाने भरलेली, हसरी. हाताला धरून एक काटकुळी, चमकत्या डोळ्यांची पोरगी. अक्काने सोमीला ओळखलं आणि चष्मा काढून पुसला. मग पुन्हा घालून कडक आवाजात म्हणाली, "नाव?"

पोरगी ठणठणीत बोलली, "चित्रान्ना!"

अक्काचा टाक हातातच राहिला. बेळगावकडे लिंबूभाताला चित्रान्न म्हणतात. "सोमी, हे नाव कुणी ठेवलं गं?"

"तुमीच, बाई! मी पोटाला हात लावून इचारला, नाव काय? तुमी भात वाढत व्हतात. म्हनलात, चित्रान्न."

"अगं, मी भाताचं नाव सांगितलं!"

"मंग?" सोमी म्हणाली. "तुमच्यात साखरबाय नसते व्हय?"

अक्काने टाक दौतीत बुडवला आणि रजिस्टरात नाव लिहिलं. एकही अक्षर कमी केलं नाही.