मावशींची तगमग

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत बसणाऱ्या मावशी पेशंटची दाढ बघत नसत, त्याचं बसणं बघत. मग दार किलकिलं करून डॉक्टरीणबाईंना एकच शब्द सांगत. चपला काढतो-घालतो, मासिक उलटं धरून वाचतो, त्याची ‘चुळबुळ’. तो थांबू शकतो. बसू की पळू अशा बेतात दाराशी रेंगाळतो, त्याची ‘घालमेल’. त्याला पाणी द्यायचं आणि दारापासून लांब बसवायचं. पण गालाला हात लावून ज्याला बसवत नाही की उभं राहवत नाही, त्याची ‘तगमग’. मग नंबर गेला चुलीत, तो थेट आत!

त्या सकाळी मावशींचीच दाढ ठणकत होती. “काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं,” असं सांगून त्यांनी आजवर गावभर माणसं आत धाडली होती. स्वतः मात्र आतली ती पेशंटची खुर्ची पुसायलासुद्धा डोळे मिटून जात.

“मावशी, गाल सुजलाय का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे! झोप जास्त झाली.”

“आणि या येरझाऱ्या?”

“चुळबुळ. होते कधीकधी.”

बाई आत गेल्या. तेवढ्यात फोन वाजला. मावशींनी सवयीने तो नेमका दुखऱ्या गालाला लावला आणि “आई गं!” म्हणून खालीच बसल्या.

बाकावर शिंपीकाका होते, कवळी दुरुस्तीला आलेले. तोंडाचं बोळकं झालं होतं, पण जिभेची धार शाबूत होती.

“चुळबुळ म्हणे! गेल्या वर्षी मी इथे असाच नाचत होतो, तेव्हा काय म्हणाला होतात?”

“तुमची तगमग होती.”

“मग ही काय शेजारणीची आहे?”

सगळा बाक हसला. मावशी रागावल्या. “तुमच्या सगळ्यांचे नंबर आधी आहेत. नंबर म्हणजे नंबर.”

“तगमगीला नंबर नसतो. कायदा तुमचाच!” काका उठले, दार किलकिलं केलं आणि मावशींच्याच सुरात म्हणाले, “डॉक्टर, तगमग!”

“पाठवा!”

आता पळायचं कुठे? मावशींनी पदर खोचला. दारात थबकून म्हणाल्या, “काका, माझ्या जागेवर बसा. आणि तो दाराशी रेंगाळतोय ना, त्याला पाणी द्या आधी.”

दार लागलं. बाहेर सगळे कान देऊन बसले. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “काही नाही हो मावशी, मुंगी चावल्यासारखं...”

“मला नका सांगू! ते वाक्य माझं आहे!”