जुना बॉयलर राहू दे, ताई

माझ्या फोनवर दोन गावांचं हवामान दिसतं. एक सिंगापूरचं. ते मी कशासाठी ठेवलंय कोण जाणे, कारण इथल्या आंग मो किओ भागात आमच्या दहाव्या मजल्यावर बारा महिने एकच ऋतू असतो. दुसरं कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावाचं. तिथे माझी मोठी बहीण एकटी राहते. हिवाळ्यात आमच्या दोघींच्या घड्याळांत बरोबर बारा तासांचं अंतर असतं. काटे तेच, फक्त माझी सकाळ असते तेव्हा तिची संध्याकाळ. तीन वर्षांपूर्वी भावजी गेले, तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की मी आधी तिच्याकडचं तापमान बघते.

ताईचं घर जुनं, लाकडी, गावापासून थोडं बाजूला. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर होता. तो पाणी तापवायचा, ते पाणी घरभर फिरायचं आणि खोल्या ऊबदार राहायच्या. त्या बॉयलरचं सगळं भावजी बघायचे. ते गेल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात तेलाचा ट्रक बर्फामुळे चढावर येऊ शकला नाही. ताई दोन दिवस स्वयंपाकघरात गोधड्या पांघरून बसून राहिली, आणि मला सांगितलं आठवड्याने.

मागच्या उन्हाळ्यात तिने फोनवर जाहीर केलं, "मी शेगडी घेतेय."

"कसली शेगडी?"

"भुशाची." मग स्वतःच हसली. "अगं, पेलेट स्टोव्ह म्हणतात इथे. लाकडाचा भुसा दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करतात. वरच्या डब्यात पोतं ओतायचं, आतला स्क्रू फिरतो, थोड्या थोड्या कांड्या आगीत पडत राहतात. राख रोज वाटीभर. गावातल्या लाकडाच्या गिरणीतच तयार होतात. ट्रकची वाट बघायला नको."

"आणि बॉयलर?"

"काढून टाकणार. मला तो कधी कळलाच नाही. खाली उतरून त्याच्यासमोर उभी राहिले की वाटतं, हा माझ्याशी बोलत नाही. ही शेगडी मला कळते. आईच्या शेगडीत भुसा ठासून कोण भरायचं? मीच ना?"

ती भरायची, हे खरं. मधे बाटली उभी धरून भोवती भुसा दाबायची आणि मग बाटली अलगद ओढून काढायची. मी बाजूला उभी राहायचे. पण शेगडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच येतं. मी सात वर्षांची असताना पुण्यात आमच्या शेजारच्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती. थंडीचे दिवस होते. खोलीत कोळशाची शेगडी, वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. दुपारी बाळ रडायला लागलं आणि थांबेचना, म्हणून कोणीतरी दार ढकललं. तिला चादरीत घालून बाहेर आणलं तेव्हा तिचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. ती वाचली, बाळही वाचलं. धूर नव्हता, वास नव्हता, काहीच नव्हतं, एवढं एकच वाक्य मोठी माणसं पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते माझ्यात कायमचं बसलं.

तेव्हापासून काळजी करणं हा माझा स्वभावच झाला. इथे मी पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात नोकरी करते. गॅस बंद केला का, हे बघायला लिफ्टपाशी पोचून परत फिरणारी बाई म्हणून आमच्या मजल्यावर सगळे मला ओळखतात. ताईच्या शेगडीची बातमी आल्यावर मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत फक्त त्याबद्दलच वाचत होते. वीज गेली तर पंखा बंद पडून धूर घरात येऊ शकतो. भिंतीतून बाहेर काढलेलं धुराचं नळकांडं बर्फाने बुजू शकतं. वाचलेलं सगळं मी तिला पाठवत राहिले.

शेवटी ती कंटाळून म्हणाली, "मग काय करू?"

"शेगडी घे, पण जुना बॉयलर राहू दे, ताई. अडीअडचणीला असावा."

तिने तो ठेवला. शेगडी लावायला आलेल्या माणसाने, दोन्ही कशाला, असं विचारलं म्हणे. ताईने त्याला सांगितलं, माझी धाकटी बहीण सिंगापूरला असते, तिला थंडी फार वाजते.

हिवाळा आला. डिसेंबरभर ताई मला व्हिडिओवर शेगडीची काच दाखवायची. आत पिवळी ज्योत, समोर तिची खुर्ची, खुर्चीवर विणकाम. ती खरंच खुशीत होती. मी मात्र नळकांड्याभोवतीचा बर्फ काढलास का, राख काढलीस का, खिडकी थोडी उघडी ठेवतेस का, हे सगळं रोज विचारायचे. घरातला विषारी वायू ओळखणारा अलार्म चालू आहे का, एवढं विचारायचं राहिलं. तो लावलेलाच असणार, असं मी धरून चालले होते.

जानेवारीत एका शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना तिच्या गावासाठी कडाक्याच्या थंडीचा आणि वादळाचा इशारा फोनवर दिसला. उणे बावीस. मी घरी पोचायच्या आधीच, ब्लॉकच्या खालीच उभी राहून तिला फोन लावला. तिची सकाळ होती, चहा चालला होता.

"ताई, आज बॉयलर लाव."

"कशाला? शेगडी मस्त चाललीय."

"वीज गेली तर?"

"अगं, बॉयलर तेलाचा असला तरी त्यालाही वीज लागतेच."

हे मला माहीत नव्हतं. पण आता माघार घेणं जमेना. "तरीही लाव. दोन्ही असू देत. शेगडीवर माझा विश्वास नाही. माझ्यासाठी लाव."

तिने कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं बाई. तुझ्यासाठी."

शनिवारी सकाळी आठला मी फोन केला. तिचे रात्रीचे आठ वाजले होते. तिने बऱ्याच वेळाने उचलला. चेहरा कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्यात, केस विस्कटलेले.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"डोकं चढलंय. दुपारपासून. जेवले नाही, मळमळतंय. जरा पडते."

"बॉयलर लावलास का?"

"लावलाय ना. शेगडी... शेगडीपण चालू आहे." मग थांबून परत, "जरा पडते." आणि पुन्हा, जणू आधी म्हणालीच नव्हती, "जरा पडते मी."

ती आळसावलेली वाटत नव्हती. शब्द लांबून कुठून तरी ओढत आणत होती.

"ताई, ऊठ. कोट घाल आणि बाहेर जा."

"वेडी आहेस का? बाहेर वादळ आहे."

"ताई, घरात वायू साठलाय. पडलीस तर उठणार नाहीस. ऊठ!"

माझ्या ओरडण्याने माझी मुलगी खोलीतून बाहेर आली. सतरा वर्षांची, शनिवारी इतक्या लवकर कधी न उठणारी. तिने माझ्या हातातल्या फोनकडे एकदा बघितलं. "Maushi not okay, is it?"

मी मान हलवली. तिकडचा आणीबाणीचा नंबर इथून लागत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. ताईलाच तो लावायला सांगावा, तर तिने माझा फोन ठेवला असता, आणि ठेवल्यावर ती आडवी झाली असती याची मला खात्री होती. मी काही बोलायच्या आतच मुलगी स्वतःच्या फोनवर ताईच्या गावाच्या अग्निशमन केंद्राचा नंबर शोधत होती. पहिल्या नंबरवर रेकॉर्ड केलेला आवाज लागला. दुसरा नंबर जवळच्या पोलीस चौकीचा होता. तो माणसाने उचलला.

"Ma, address! And don't shout lah, I cannot hear him."

मी पत्ता सांगितला. मुलगी तिकडे शांतपणे इंग्रजीत बोलत होती, इकडे मी ताईला कोटाचं एकेक बटण लावायला लावत होते. बटणं राहू दे. टोपी घाल. बूट. मोजे नसले तरी चालतील, बूट घाल. ती भिंतीला धरून चालली होती. फोनमध्ये कधी जमीन दिसायची, कधी दिवा. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि वारा एवढा जोरात घुसला की पलीकडे फोनवर बोलत असलेल्या मुलीनेही दचकून वळून बघितलं.

घराच्या पुढे छप्पर असलेला ओटा आहे. तिथल्या बाकावर मी तिला बसवलं. दार उघडंच ठेव म्हणाले. तेवढ्यात मनात आलं, आपण हे काय केलंय? अडुसष्ट वर्षांच्या बाईला उणे बावीसमध्ये बाहेर काढलंय. घरात काहीच झालेलं नसेल, तिला नुसती सर्दी असेल, तर तिला थंडीने मारणारी मीच. इथे माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, वर पंखा फिरत होता.

"ताई, बोल माझ्याशी. आईच्या शेगडीत भुसा कसा भरायचीस? सांग."

"बाटली..." ती म्हणाली. "बाटली ओढताना... हळू..."

मग फोन खाली पडला. पडद्यावर ओट्याचं छप्पर आणि एक दिवा, एवढंच. वाऱ्याचा आवाज. मी हाका मारत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मुलगी नंतर म्हणाली, अकरा मिनिटं. तिने माझा हात धरला होता आणि पलीकडच्या पोलिसाशी बोलणंही चालू ठेवलं होतं. तिच्या बोटांचे वळ नंतर दिवसभर माझ्या मनगटावर होते.

मग छपरावर लाल उजेड फिरायला लागला. माणसांचे आवाज आले. कोणीतरी फोन उचलला, मोठ्या दाढीचा एक चेहरा दिसला, आणि तो म्हणाला की ती शुद्धीवर आहे, श्वास चालू आहे, आम्ही तिला नेतोय. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले.

ताई दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होती. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज पुन्हा तिचा झाला. अलार्मची बॅटरी संपली होती, तो सारखा चिवचिवत होता, म्हणून तिने काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता, हे तेव्हा कळलं. मी तिला भरपूर बोलले. मग शेगडीकडे वळले. सांगत होते ना तुला? ही भुशाची थेरं या वयात कशाला? ताई ऐकून घ्यायची. "हो गं," म्हणायची. "तुझं बरोबर आहे." पुढचे तीन आठवडे मी तिला हेच ऐकवत होते. नवरा म्हणाला, आता पुरे, तर मी त्याच्यावरही चिडले.

एका रविवारी मुलगी मला पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेली. तुला जरा मोकळी हवा हवी, असं तिचं म्हणणं. बंबोटीतून, म्हणजे लहानशा मोटारबोटीतून, उतरून सायकली भाड्याने घेतल्या. तिथल्या जुन्या खेड्यातल्या, कंपॉंगमधल्या, एका घराच्या पडवीत फोडलेली लाकडं भिंतीला लावून रचली होती. ती बघून मी सायकल थांबवली आणि पुन्हा सुरू झाले. "हे बघ, इथे निदान भिंतींना फटी आहेत. तुझ्या मावशीने बंद घरात असली शेगडी..."

"Ma, stop." तिने सायकल स्टँडवर लावली. मग मराठीत बोलली. ती मराठी बोलते तेव्हा मला भीती वाटते, कारण ती फक्त गंभीर वेळीच बोलते. "शेगडी नव्हती ती."

"म्हणजे?"

"तो दाढीवाला fireman होता ना, त्याने मला नंतर call केला. बॉयलर होता. उन्हाळ्यापासून बंद, म्हणून चिमणीत पक्ष्याने घरटं केलं, विटापण पडल्या आत. सगळा gas खालून वर घरात आला. शेगडी ठीक होती. त्यांनी check केली."

मी सायकलवरून खाली उतरले.

"मावशीने सांगितलं, आईला सांगू नको. तिने लावायला सांगितलं होतं, तिला सहन होणार नाही. I also didn't want to tell. But you every day scold her, Ma. Every day."

रस्त्यावरून सायकलींचा एक घोळका घंटी वाजवत गेला. मला बाजूला व्हायचंही सुचलं नाही. मुलीने माझी सायकल ओढून कडेला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईला फोन केला. काय बोलायचं ते रात्री ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही.

"मला कळलं," एवढंच म्हणाले.

ती लगेच समजली. "पोरीने सांगितलं ना. पोटात राहिलं नाही तिच्या."

"ताई, मी तुला..."

"तू मला बाहेर काढलंस," ती म्हणाली. "ते पण तूच केलंस."

"पण आधी..."

"आधीचं राहू दे. पक्ष्याला मी बोलावलं नव्हतं, तूही नाही." मग अगदी हळू म्हणाली, "पण आता मला जरा कमी घाबरव. तुझी भीती माझ्या घरात आली की मला काही सुचत नाही. मी ऐकते तुझं, आणि माझं मला दिसेनासं होतं."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

फेब्रुवारीत तिने बॉयलर काढून टाकला आणि चिमणी बुजवून घेतली. अलार्म तीन लावले. त्याबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते. ती शेगडीपुढे बसते, विणते, राख काढते. काळजी गेली असं मी म्हणणार नाही. परवा तिच्याकडे पुन्हा उणे वीस दाखवत होतं आणि माझा हात फोनकडे गेला. मी भांडी घासून घेतली, कपडे वाळत घातले, मग फोन केला आणि विचारलं, आज काय विणतेयस? ती म्हणाली, तुझ्या लेकीसाठी स्वेटर. मी म्हटलं, सिंगापूरला? ती म्हणाली, ती येणार आहे ना माझ्याकडे डिसेंबरात. तिने तुला सांगितलं नाही का?