काकूंनी बांधलेली भिंत

"पुरेल एवढंच. उरेल एवढं नको."

साखरेचा चमचा कपावर धरून काकू असं म्हणायच्या आणि पाहुण्याचा चहा हमखास अगोड व्हायचा. जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी केलेली बाई. त्यांना जिथे तिथे डोस दिसायचा. इकडे परदेशात, अर्विंगमध्ये आमचं टाउनहाउस त्यांच्या टाउनहाउसला चिकटून होतं, मधली भिंत एकच. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या.

आमच्या रांगेत एका घरी चोरी झाली आणि तुम्हाआम्हाला सुचलं नसतं ते काकूंनी केलं. शॉटगन विकत आणली. एवढीशी मूर्ती, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात ते धूड! आम्ही नवराबायको आधी पोट धरून हसलो. पण काकूंच्या बेडरूमच्या भिंतीला लागूनच, पलीकडे, आमच्या लेकीचा पलंग होता. ते लक्षात आल्यावर बायकोची झोप उडाली. शेवटी धीर करून मी विषय काढला.

"काकू, ती मधली भिंत..."

"अरे, मलाही तीच काळजी आहे. सॅटर्डेला फ्री आहेस ना? तुझी व्हॅन लागेल."

त्यांच्या एका जुन्या पेशंटचं गावाबाहेर रँच होतं. मधली भिंत कशी बांधलीय हे काकूंनी बिल्डरला फोन करून विचारून ठेवलं होतं. तसेच प्लास्टरचे बोर्ड, मधे तेवढीच पोकळी, असा भिंतीचा एक तुकडा आम्ही तिथे उभा केला. मागे उशी बांधली. काकू आपल्या पलंगापासून भिंत जेवढी दूर, तेवढ्याच अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या.

काडतुसं तीन तऱ्हेची होती. मोठ्या छर्ऱ्यांनी भिंतीसकट उशीचं भुस्कट केलं. उशी बदलली, तर मधल्या छर्ऱ्यांनीही तेच. काकूंची सगळी भिस्त पाखरं मारायच्या बारीक छर्ऱ्यांवर होती. "दुकानातला मुलगा म्हणाला, हे भिंतीतच अडकतात. बघू या खरं का ते."

बार झाला. काकू भिंतीमागे गेल्या. हातावरची शीर शोधावी तशी त्यांनी नवी उशी चाचपली, कापसातून एक छर्रा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"चोराला पुरेल एवढा डोस तुझ्या पोरीपर्यंत पोचतो रे. नको हे."

मग त्या व्हॅनच्या मागच्या दारात बसल्या. "पण मला भीती वाटते. खूप भीती वाटते एकटीला."

एरवी कुणाचं काही ऐकून न घेणारी ही बाई, तिचं ते बोलणं ऐकून मला भडभडून आलं. मी म्हटलं, "भिंत एवढी तकलादू आहे ना, मग ठोका की काकू. आम्ही लगेच येऊ." सोमवारी त्यांनी बंदूक दुकानाला परत विकून टाकली. बायको त्या दिवशी कित्येक दिवसांनी गाढ झोपली.

पुढच्याच महिन्यात नागपूरहून माझे सासरे आले, लेकीची खोली त्यांना दिली. एका दुपारी मी घरून काम करत होतो आणि अचानक भिंतीवर धडाधड ठोके पडले. हाताला लागली ती बॅट घेऊन मी पळालो. काकूंचं गॅरेज उघडंच राहिलं होतं. आपली माणसं पुढच्या दाराने थोडीच येतात, गॅरेजमधूनच शिरतात. आणि रांगेतली गॅरेजं सगळी सारखी. आत बघतो तर सासऱ्यांचे बूट!

फेरफटका मारून आलेले सासरे सरळ जिना चढून काकूंच्या बेडरूमच्या दारात उभे होते.

"जावईबापू, माझी खोली बदलली का तुम्ही?"

काकू पलंगापलीकडे, मूठ अजून भिंतीवर टेकलेली. माझ्याकडे बघून त्या मटकन खाली बसल्या. एकदम हसायलाच लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मनातल्या मनात देवाचे आभार मानत मी तिथेच बसलो. सासऱ्यांना मात्र काही कळेना.

काकू आता मुलाकडे, कॅरी गावी असतात. सासरे दर फोनवर तो किस्सा तिखटमीठ लावून सांगतात, "कसल्या घाबरल्या हो त्या डॉक्टरबाई! मी काय चोर दिसतो?"

आम्ही दोघं खूप हसतो. बंदुकीचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.